पाणी टेकेल ती पायरी

‘खोल’ हा शब्द मी आयुष्यात किती वेळा रंगवला असेल, सांगता येणार नाही. विहिरींच्या कठड्यांवर, धक्क्यांवर, बंधाऱ्यांवर, कंपन्यांच्या टाक्यांवर. आता रंगवत नाही. कोणी ‘पाणी खोल आहे’ असा बोर्ड मागायला आलं, की मी विचारते, किती? सांगता येत असेल तर बसा, चहा घ्या. येत नसेल तर समोर फ्लेक्सवाला आहे. तो अर्ध्या तासात छापून देईल, आणि त्याच्या मशीनला कुणाच्या बुडण्याचं काही वाटायचं नाही.

या बोलण्यामुळे माझी गिऱ्हाइकं गेली असं माझा मुलगा म्हणतो. गिऱ्हाइकं फ्लेक्समुळे गेली. बोलणं माझं पहिल्यापासून असंच आहे.

पेणला बाईच्या हातात ब्रश दिसणं नवलाचं नाही. गणपतीच्या कारखान्यांत बायका रंगकाम करतातच. मीही तिथंच शिकले, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायचे. पण वडिलांचा हात थरथरायला लागला आणि त्यांचं बोर्ड रंगवायचं दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा लोकांना पचेना. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, “पेंटर कुठं गेलेत?” मी म्हणायचे, “समोर बसलेत.” तरी तो माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. मग मी त्याच्याच दुकानाचं नाव पाटीवर हाताने लिहून दाखवायचे. आधी खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायची, त्या रेघेवर शिरोरेषा ओढायची आणि मग अक्षरं तिच्याखाली लोंबती सोडायची. शिरोरेषा सरळ आली, की निम्मं काम झालं. गिऱ्हाईक तेवढ्यात भाव विचारायला लागायचं.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. उन्हात सगळ्यांत आधी लाल रंग उडतो. आणि धोक्याचे शब्द लालमध्ये लिहायची आपली पद्धत. त्यामुळे काही उन्हाळे खाल्लेला कुठलाही धोक्याचा बोर्ड बघा. ‘सावधान’ उडालेलं असतं, आणि खाली काळ्यामध्ये ‘पाणी’ तेवढं ठळक उरलेलं असतं. वडखळच्या फाट्याजवळ अशाच एका बोर्डाखाली मी एका पाहुण्याला रिकामी बाटली घेऊन नळ शोधताना पाहिलं आहे.

पाणी कसं लिहायचं, ते मला धरमतरच्या खाडीने शिकवलं. तिथं माल वाहणारे बार्ज लागतात. बार्जच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला आकडे असतात, एकाखाली एक, उभ्या ओळीत. पाणी ज्या आकड्याला टेकलेलं असेल, तो वाचायचा. बार्ज किती बुडालाय ते कळतं. मधोमध एक आडवी खूण असते. पाणी त्या खुणेला आलं, की माल भरणं बंद. सुकतीला पाणी उतरून बार्ज चिखलात बसला, की मी बाजूला फळी टांगून तिच्यावर उभी राहायचे आणि ते आकडे नव्याने रंगवायचे. पदर खोचून, फळीवर, खाली चिखलात खेकडे. मला ते काम फार आवडायचं.

एकदा एक मालक धक्क्यावरून ओरडून म्हणाला, “बाई, ती आडवी खूण जरा वर घे. वीतभरच.”

त्याचा हेतू उघड होता. खूण वर गेली, की दर फेरीला जास्त माल.

मी म्हटलं, “मी खूण वर घेते. पाणी खाली थांबायचं कोणी सांगायचं?”

“तुझं काम रंगवायचं आहे.”

“तेच करतेय. होती तिथंच रंगवतेय.”

तो चिडला, दुसरा पेंटर आणतो म्हणाला. बार्जवरचा तांडेल, म्हणजे बार्ज चालवणारा, शेजारीच बिडी ओढत बसला होता. हिरू त्याचं नाव. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, माझ्या माहेरच्या गावचा. तो बिडी विझवून म्हणाला, “शेट, दुसरा पेंटर आना. पन दुसरा तांडेलपन आना. खून हलली त मी या बार्जवर पाय ठेवनार नाय.”

खूण हलली नाही. त्या मालकाने मला पुन्हा बोलावलं नाही, आणि मला त्याचं एक दिवसही वाईट वाटलं नाही.

हिरूकाकाच्या तोंडी मी ‘खोल’ हा शब्द कधी ऐकला नाही. पाणी घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढं, गळ्याएवढं. मग पुरुषभर. त्याच्यापुढे वाव. दोन्ही हात फाकले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव. शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, तळाला टेकली की ओढून हातांवर मोजायची. मी एकदा त्याला विचारलं, “काका, तुम्ही खोल कधी म्हणत नाही?”

“खोल काय गो बाय? ज्यानं मोजलं नाय, त्याचा शब्द तो.”

हे वाक्य पुढे मला रोह्याच्या एका शाळेत उपयोगी पडलं, आणि माझ्याच विरुद्ध पडलं.

त्या शाळेला जिन्यात समुद्र रंगवून हवा होता. कल्पना विज्ञान शिकवणाऱ्या कदमसरांची. गच्चीच्या दारापाशी समुद्राचा पृष्ठभाग, आणि मजला-मजला उतरत तळमजल्यावर समुद्राचा तळ. मुलं रोज समुद्रात उतरणार आणि वर येणार. मला ऐकूनच आनंद झाला. निळ्याचे डबे घेऊन गेले, तर सरांनी प्रत्येक मजल्यासाठी नावं काढून ठेवली होती. खोल समुद्र. अतिखोल समुद्र. अत्यंत खोल समुद्र.

मी ब्रश खाली ठेवला. “सर, पोरं सगळा जिना उतरणार आणि तुम्ही त्यांच्या हातात एकच शब्द देणार?”

माणूस दिलदार होता, हसला. आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि तो मला समुद्र सांगायला लागला. वरच्या थरात ऊन पोचतं, तिथं सगळं हिरवं-जिवंत. त्याच्याखाली अंधुक, संध्याकाळ कायमची अडकून राहावी तसं. त्याच्याखाली उजेड पोचतच नाही. मासे आपापला उजेड अंगावर घेऊन हिंडतात. मग थंडगार सपाट मैदानं. आणि त्या मैदानांनाही चिरा पडलेल्या, त्यांच्यात आपला सगळा सह्याद्री उभा बुडेल. पाण्यात उतरत गेलं की सगळ्यांत आधी लाल रंग दिसेनासा होतो, असंही तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या बोर्डांवरही.

तो सांगत गेला तशी मी नावं ठेवत गेले. वर उजेडाचं पाणी. त्याच्याखाली दिवेलागणीचं पाणी. मग काळोखाचं पाणी. त्याच्याखाली मला ‘अथांग’ लिहायचं होतं. रंगवायला काय देखणा शब्द आहे! थ ची गाठ, ग ची काठी. मी मनात जागाही आखली होती.

सर म्हणाले, “नाही. अथांग म्हणजे ज्याचा ठाव लागत नाही. याचा लागलाय. माणसांनी मोजलंय.”

“पण ऐकायला किती छान.”

“छान आहे. खोटं आहे.”

मला राग आला. दिवसभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण हिरूकाकाचं वाक्य आठवत राहिलं आणि संध्याकाळी मुकाट्याने ‘तळाचं पाणी’ लिहिलं. जिन्याखाली जिथं झाडू आणि बादल्या असतात, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात लिहिलं ‘गर्ता’. सर बरोबर होते.

सर बरोबर होते, सगळेच नव्हते. शाळेच्या समितीतले एक गृहस्थ बघायला आले. दिवेलागण वाचून त्यांचा चेहरा आंबट झाला. “हे काय घरगुती लिहिलंय? मराठीत या गोष्टींना शब्दच नाहीत. सरळ इंग्रजी नावं टाका.”

मी म्हटलं, “चला, आपण दोघं उतरू. ज्या पायरीवर मराठी संपेल तिथं मला थांबवा. तिथून पुढे मी इंग्रजी लिहिते.”

ते खरंच उतरायला लागले, मी मागे. मधली सुट्टी होती. दोन वेण्यांची एक मुलगी वरच्या कठड्यावरून खाली ओरडली, “ए, मी दिवेलागणीला आहे, तू कुठंयस?” खालून उत्तर आलं, “काळोखात! ये ना!” गृहस्थ बादल्यांपर्यंत पोचले, गर्तेत उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला न थांबवता वर गेले. पुढे कदमसरांनी बाजूला बारीक अक्षरांत इंग्रजी नावंही लिहून घेतली. त्याला माझी ना नव्हती, मुलांना पुढे लागतात. पण मोठी अक्षरं मराठीच राहिली, अजून आहेत.

आता जे सांगायचं आहे, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

एक दिवस दुकानात एक बाई आल्या. बरोबर धाटावच्या कंपनीत काम करणारा एक मुलगा, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या रोह्याहून आल्या होत्या. लुगडं, डोक्यावर पदर, बोलणं घाटावरचं. शेवंताबाई, गाव माण तालुक्यात. त्यांचा मुलगा दत्ता धाटावला नोकरीला होता. शिफ्ट सुटल्यावर मित्रांबरोबर नदीवर गेला आणि बुडाला. रोह्याच्या पुढे, जिथं नदीत खाडीचं पाणी भरतं आणि उतरतं, तिथं एक जुना दगडी घाट आहे. पूर्वी त्याच्यापुढे वाळूचा उतार होता, पोरंबाळं डुंबायची. वाळू उपसून नेली, उतार गेला. शेवटच्या पायरीपुढे आता एकदम कडा आहे. वरून काही दिसत नाही, पाणी गढूळ.

शेवंताबाई म्हणाल्या, “बोर्ड हाय तितं. मी बगून आले. लिवलंय, पानी खोल हाय. माजा दत्ता शिकलेला हुता, त्यानं वाचलंबी आसंल. पर आमची हीर सात परस हाय बाई. त्यात ह्यो ल्हानपनापास्नं उड्या मारायचा. त्याला खोलाचं भ्या कुटलं? किती खोल, कसलं खोल, त्ये लिवायला नगं?”

परस म्हणजे पुरुष, सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी विहीर. तो बोर्ड माझा नव्हता, कुठल्या तरी कार्यालयाने लावलेला छापील पत्रा होता. पण शब्द तर तोच. हिरीच्या माणसाला ‘खोल’ म्हणजे सवंगड्यासारखं ओळखीचं स्थिर पाणी, आणि इथं खालून ओढ असलेलं खाडीचं पाणी. दोन्हींना एकच शब्द, आणि मधल्या मध्ये पोर गेलं. मला त्या शब्दाचा इतका संताप आला, की डोळे भरून आले.

बरोबरचा मुलगा आतापर्यंत दाराशी उभा होता. तो खाली बघत म्हणाला, “हात दिसला होता, काकी. वर केलेला. आम्हाला वाटलं, मस्करी करतोय. मग हातपण गेला.”

शेवंताबाईंनी ते आधी ऐकलेलं असणार. तरी त्यांनी पदर तोंडात धरला. मग म्हणाल्या, “मला त्यो बोर्ड करून द्या. परक्याला कळंल असा.”

मी हिरूकाकाला निरोप पाठवला. आता तो बार्जवर जात नाही, घरी जाळी दुरुस्त करतो. दोरी घेऊन आला. आम्ही सुकतीला मोजलं, भरतीला मोजलं. नदीतल्या होडीत उभा राहून तो दोरी सोडायचा, ओढायचा, हात फाकून मोजायचा. पाणी अगदी उतरलेलं असतानाही कड्यापुढे उंच माणसाचं डोकं बुडत होतं. त्याच्यावर भरती.

मी पत्रा रंगवला. ‘पुढे पायरी नाही. सुकतीलाही डोकं बुडेल.’ खाली कोपऱ्यात नेहमीसारखी सही, वनिता, पेण. आणि दत्ताच्या मित्रांनी तो जुन्या बोर्डाशेजारी उभा केला.

आठवडा गेला नाही, तो बोर्ड काढला गेला. मी तो छापील पत्रा लावणाऱ्या कार्यालयात गेले. साहेब वयाने लहान, बोलायला सभ्य. म्हणाले, “मॅडम, मजकूर ठरलेला असतो. ‘डोकं बुडेल’ ही काय भाषा झाली?”

“ठरलेला मजकूर वाचूनच तो मुलगा उतरला.”

“आणि तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा पाणी कमी-जास्त निघालं, तर? भरतीला एक, ओहोटीला एक. जबाबदार कोण?”

“मी. खाली सही आहे, वाचली नाहीत का?”

ते हसले आणि बोर्ड त्यांच्या गोदामात राहिला. पण रस्त्याने येताना त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता. भरतीला एक, ओहोटीला एक. त्यात चूक काही नव्हती. एका जागी ठोकलेला बोर्ड हलत्या पाण्याबद्दल काय सांगणार?

हिरूकाकाला मी हे सांगितलं. तो जाळ्याची गाठ मारत होता, मान वर न करता म्हणाला, “मंग बार्जवर काय करतंस गो तू? पानी टेकतं तितला आकडा वाचतात ना? घाटाला पायऱ्या नाय काय?”

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर ज्या फळीवर उभी राहिले, तीच मला आठवली नव्हती.

उधाणाच्या सुकतीला, पाणी सगळ्यांत जास्त उतरतं तेव्हा, आम्ही घाटावर गेलो. दत्ताच्या मित्रांनी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, मी ब्लोलॅम्पची ज्योत मारून दगड सुकवले. रंग साधा नाही घेतला. बार्जच्या बुडाला लावतात तो, दोन डब्यांतलं मिसळून लावायचा. काळ्यावर पांढरी अक्षरं. लाल मी आणलाच नव्हता.

सगळ्यांत खालच्या पायरीवर लिहिलं, ‘पुढे डोकं बुडेल.’ काही पायऱ्या सोडून वर, ‘पुढे वर केलेला हात बुडेल.’ त्याच्यावर, ‘पुढे एकाच्या खांद्यावर उभा दुसरा बुडेल.’ त्याच्याही वर, पुरी भरती जिथं टेकते तिथं, मला पुन्हा ‘अथांग’ लिहायचा मोह झाला. हात खरंच शिवशिवला. पण हिरूकाकाने मोजलेलं होतं. लिहिलं, ‘पुढे तिघं एकावर एक उभे राहिले तरी बुडतील.’ आणि घाटाच्या अगदी माथ्यावर, ‘पाणी टेकलंय ती पायरी वाचा. सुकतीला पाणी आत ओढतं.’ शेजारी सही.

पंधरवड्यात कार्यालयाने सगळ्या पायऱ्यांना चुना फासला. मला दत्ताच्या मित्राने मोबाइलवर फोटो पाठवला, पांढराशुभ्र घाट, लग्नाला सजवल्यासारखा. मुलगा म्हणाला, “आई, आता पुरे.” मी म्हटलं, “अरे, चुन्याचा पहिला हात खाडीच्या पाण्यात किती टिकतो, हे साहेबांना माहीत नाही, पण तू तर पेंटरणीचा मुलगा आहेस.” पुढचं उधाण आलं. चुना खाडीने नेला. माझी अक्षरं जशीच्या तशी, उलट चुन्याने घासून जरा उजळच झाली होती.

वर्षश्राद्ध करून शेवंताबाई आल्या, तेव्हा मी त्यांना घाटावर नेलं. पाणी मध्यावर होतं. त्यांना वाचता येतं, पण सावकाश. माथ्यापासून एकेक पायरी, एकेक अक्षर लावत त्या उतरल्या. तिघं. एकाच्या खांद्यावर दुसरा. मग पाणी ज्या पायरीला टेकलेलं होतं तिथं आल्या आणि वाकून वाचायला लागल्या. वर. केलेला. हात.

पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही. त्या तिथंच बसल्या आणि अक्षरांवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“ह्ये त्याला कळलं आसतं,” त्या म्हणाल्या.

मी शेजारी बसून रडले. मला त्याची लाज नाही.

आम्ही बसलेल्या असतानाच वर दोन मोटारसायकली थांबल्या. खांद्यावर टॉवेल टाकलेली चार पोरं उतरली, कुठल्या तरी दुसऱ्या गावची. पहिलं वाक्य एकाने नाटकी आवाजात मोठ्याने वाचलं, बाकीचे हसले. दुसरं वाचलं, कमी हसले. आमच्यापर्यंत आले. शेवंताबाईंनी हात उचलून अक्षरं मोकळी केली. पोरांनी वाचलं, पाण्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. मग तिथंच पायरीवर बसून, पाय सोडून, ओंजळीने अंगावर पाणी घेत आंघोळ केली. एकाने तर शेवंताबाईंना, “आजी, साबण आहे का?” म्हणून विचारलं.

माझ्याच पत्त्यावर कार्यालयाची नोटीस आली आहे. सार्वजनिक घाट विद्रूप केल्याबद्दल खुलासा मागितला आहे, आणि हे कृत्य कोणाचे ते कळवावे, असंही लिहिलंय. खुलासा मी देणार नाही. येत्या उधाणाच्या सुकतीला दोन डबे घेऊन पुन्हा घाटावर जाणार आहे. अक्षरं चांगली आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही. सही तेवढी मोठी करून येते.